लग्नाच्या डीव्हीडीची फाइल केली आणि आवाज मागेपुढे होतोय? सॉफ्टवेअर बदलण्याआधी हे तपासा

लग्नाचा रौप्यमहोत्सव जवळ आला की कपाटातून डीव्हीडी निघतात. घरातलं कुणीतरी तरुण माणूस ती कॉम्प्युटरमध्ये घालतं, सर्चमध्ये पहिलं दिसलेलं कन्व्हर्टर उतरवतं, तासाभराने एमपी४ फाइल तयार होते. टीव्हीवर लावावी तर भटजींनी 'सावधान' म्हणायच्या आधीच अक्षता पडतात. मग दुसरं सॉफ्टवेअर, मग तिसरं, आणि ते तिसरं पैसे मागायला लागलं की मला फोन.

बरीच वर्षं नातेवाईक, शेजारी आणि त्यांचे शेजारी यांच्यासाठी हेच दुखणं दुरुस्त करतोय. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर निर्दोष निघतं. गडबड होते ती दोन वेगळी कामं एकाच बटणात कोंबल्याने. डिस्कवरचा डेटा आहे तसा उतरवून घेणं हे एक काम, त्याला रिप करणं म्हणतात. उतरवलेल्या डेटाची आजच्या टीव्ही-मोबाइलला चालणारी फाइल बनवणं हे दुसरं, म्हणजे कन्व्हर्ट करणं. डिस्क अडखळत वाचली जात असताना त्याच वेळी कन्व्हर्ट चालू असेल तर चूक कुठे झाली ते कुणालाच सांगता येत नाही. कामं वेगळी केली की कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं हा प्रश्न निम्म्याहून जास्त सुटतो.

इथे मी फक्त घरच्या डिस्कबद्दल बोलतोय: लग्न, मुंज, बारसं, शाळेचं गॅदरिंग. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डिस्कना कुलूप असतं, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात असं कुलूप तोडण्याबद्दल ६५अ हे कलम आलं आहे. तो विषय इथे घेत नाही.

लक्षणं

आधी कागद-पेन घ्या. नेमकं काय होतंय आणि कितव्या मिनिटाला, ते लिहा. 'आवाज बिघडलाय' एवढ्यावरून काही कळत नाही.

- आवाज पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने पुढे किंवा मागे आहे.
- सुरुवातीला जुळतो, पण सरकत सरकत शेवटी दोन-तीन सेकंदांचा फरक पडतो.
- छान चाललेलं असतं, एका ठिकाणी चित्र गोठतं किंवा चौकोन चौकोन दिसतात, आणि तिथून पुढे आवाज बिघडतो.
- फाइल वीस-तीस मिनिटांत संपते, अर्धं लग्न गायब.
- कुणी हललं की कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा येतात.
- सगळी माणसं बुटकी आणि गोल दिसतात, किंवा उगाच उंच आणि बारीक.
- कॉम्प्युटरवर चालते, टीव्हीवर नुसता आवाज येतो. किंवा उलटं.
- डिस्क कॉपीच होत नाही, 'सायक्लिक रिडन्डन्सी चेक' असं काहीतरी येतं.

पहिली तीन लक्षणं ऐकायला सारखी वाटतात, पण त्यांची कारणं पूर्ण वेगळी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की दुखणं वाढतं.

काहीही न उतरवता करायच्या तपासण्या

ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन लावला असेल तर काढा आणि कॉम्प्युटरच्या किंवा टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐका. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोहोचतो. साउंडबारही कधी कधी हेच करतात. हास्यास्पद वाटेल, पण काही 'बिघडलेल्या' फाइली एवढ्यावर बऱ्या झालेल्या पाहिल्या आहेत.

मग मूळ डिस्क डीव्हीडी प्लेअरवर किंवा कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी या प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये थेट लावून बघा. मूळ डिस्कमध्येच आवाज पुढे-मागे असेल तर कन्व्हर्टर बिचारं काय करणार? त्या काळी शूटिंग टेपवर व्हायचं, मिक्सिंगच्या दुकानात त्यावर गाणी, गुलाबाची फुलं आणि उडती हृदयं चढायची, आणि मग डिस्क लिहिली जायची. त्या प्रवासात कुठेतरी आवाज सरकलेला असू शकतो.

जुळणी बघताना जागा नीट निवडा. लग्नाच्या व्हिडिओत निम्म्या वेळ वर सिनेमाचं गाणं असतं, तिथे ओठ बघून काही उपयोग नाही. वरातीत ताशावर काठी पडते तो क्षण, नारळ फोडतानाचा क्षण, फटाका, नाहीतर नाव घेणाऱ्या नवरीचा चेहरा: असे तीन-चार क्षण शोधा. एक सुरुवातीचा, एक मधला, एक शेवटचा. त्यांची मिनिटं लिहून ठेवा. पुढची प्रत्येक तपासणी याच जागांवर करायची आहे.

फरक मोजा

व्हीएलसी फुकट आहे आणि बहुतेकांकडे असतंच. बिघडलेली फाइल त्यात लावा, सुरुवातीच्या ताशावर या आणि इंग्रजी कीबोर्डवरची जे किंवा के ही अक्षरं दाबा. एकेका दाबण्याने आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे सरकतो आणि आकडा पडद्यावर दिसतो. जुळेपर्यंत दाबा, आकडा लिहा. मग शेवटच्या खुणेवर जाऊन तेच करा.

दोन्ही आकडे सारखे आले तर सुटलात. हा स्थिर फरक आहे. एमकेव्हीटूलनिक्स हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, फाइल उघडा, आवाजाचा ट्रॅक निवडून डिलेच्या रकान्यात तो आकडा मिलिसेकंदांत टाका आणि नवी फाइल करा. आवाज आधी ऐकू येत असेल तर आकडा अधिक, उशिरा येत असेल तर वजा. चित्राला हात लागत नाही, त्यामुळे दर्जा जात नाही आणि काम दोन मिनिटांत होतं. अशी फाइल पुन्हा कन्व्हर्ट करत बसू नका. प्रत्येक कन्व्हर्टमध्ये चित्राचा थोडा बारीकपणा जातोच.

शेवटचा आकडा मोठा आला तर दोन शक्यता. मधल्या खुणेवरचा फरक बरोबर अधलामधला असेल तर आवाज हळूहळू सरकतोय, म्हणजे वेळेच्या हिशेबात चूक आहे. मधपर्यंत फरक शून्य आणि मग एकदम उडी असेल तर त्या जागी डिस्क नीट वाचली गेलेली नाही, किंवा तिथे दोन तुकड्यांचा जोड आहे. उडीच्या फाइलला डिले देऊन काही होत नाही. पुढचं जुळवलं की मागचं बिघडतं. मूळ डिस्ककडे परत जावं लागतं.

डिस्कवरून नक्की काय घेतलंत?

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

डीव्हीडी उघडली की 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर दिसतं. त्यात तीन जातींच्या फाइली असतात. व्हीओबी म्हणजे प्रत्यक्ष चित्र आणि आवाज. आयएफओ म्हणजे नकाशा: कुठला भाग कुठे सुरू होतो, कुठल्या क्रमाने वाजवायचा. बीयूपी म्हणजे त्या नकाशाची राखीव प्रत. डीव्हीडीच्या नियमांप्रमाणे एक व्हीओबी १ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही, म्हणून दोन तासांचं लग्न चार-पाच तुकड्यांत पडलेलं असतं. एका तुकड्यात साधारण वीस ते तीस मिनिटं मावतात.

लोक काय करतात, सगळ्यात मोठी दिसणारी एक व्हीओबी उचलतात आणि कन्व्हर्टरमध्ये टाकतात. फाइल अर्ध्या तासात संपते ती यामुळे. किंवा चारही तुकडे वेगवेगळे कन्व्हर्ट करून नंतर जोडतात. तुकडा आकाराच्या हिशेबाने कापलेला असतो, दृश्याच्या नाही, त्यामुळे त्याच्या सुरुवातीला चित्र आणि आवाज एकाच क्षणी सुरू होत नाहीत. थोडा फरक पहिल्या तुकड्यात, थोडा दुसऱ्यात. शिवाय डिस्कवरची अंतर्गत वेळ मध्ये मध्ये पुन्हा शून्यापासून सुरू होऊ शकते. नकाशा हातात असलेल्या सॉफ्टवेअरला हे कळतं, नुसता तुकडा मिळालेल्याला कळत नाही.

म्हणून पूर्ण फोल्डर हार्डडिस्कवर कॉपी करा आणि सॉफ्टवेअरला फोल्डरच दाखवा. नेहमीच्या एकपदरी डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतं, विंडोजमध्ये ते ४.३७ च्या आसपास दिसतं. घाबरू नका, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. डिस्कवरच्या फोल्डरचा आकार आणि कॉपीचा आकार प्रॉपर्टीजमध्ये बघून जुळवा. हार्डडिस्कवर दहाएक जीबी जागा मोकळी ठेवा.

डीव्हीडीऐवजी व्हीसीडी असेल तर फोल्डरचं नाव 'एमपीईजीएव्ही' आणि आत 'डीएटी' फाइल असते. व्हीएलसी ती सहज वाजवतं. तिचं चित्र मुळातच ३५२ बाय २८८ एवढं छोटं आहे. कोणतंही सॉफ्टवेअर त्याचं 'एचडी' करून देतो म्हणालं तरी नवऱ्याच्या मुंडावळ्यांचे मोती मोजता येणार नाहीत.

कॉपीच होत नसेल तर

क्रमाने जा. यातल्या पहिल्या गोष्टींना एक पैसा लागत नाही.

डिस्क पुसा. चष्म्याचं मऊ कापड किंवा स्वच्छ सुती फडकं, लागलंच तर पाण्यात साबणाचा एखादा थेंब. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसायचं, गोल गोल नाही. डेटा गोलाकार मार्गावर लिहिलेला असतो. आडवा ओरखडा मार्गाला एका बिंदूत छेदतो आणि तेवढी चूक डिस्कची दुरुस्तीव्यवस्था भरून काढते. गोल ओरखडा मार्गाच्या बाजूने लांबवर जातो, तेवढं भरून निघत नाही. टूथपेस्टचा उपाय कुणी सांगितला तर हसून सोडून द्या.

वर फोटोचं चिकट लेबल लावलं असेल तर ते ओढून काढू नका. सीडी-व्हीसीडीत डेटाचा थर वरच्या छापील बाजूला अगदी खालीच असतो, लेबलबरोबर तोही निघून येतो. डीव्हीडीत तो दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून जरा सुरक्षित. व्हीसीडी दिव्यासमोर धरून बघा. टाचणीएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर तिथला डेटा गेलेला आहे, तो पुसून परत येणार नाही.

बाहेरून जोडायचा यूएसबी ड्राइव्ह असेल तर हबमधून काढून थेट कॉम्प्युटरला लावा, डेस्कटॉपला मागच्या पोर्टला. डिस्क फिरवायला वीज लागते आणि यूएसबी २.० पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर मिळतात. काही ड्राइव्हना सुरू होताना ते पुरत नाहीत. 'टक् टक्' करून बंद पडणारा ड्राइव्ह बऱ्याचदा भुकेला असतो, बिघडलेला नसतो. केबलला दोन यूएसबी टोकं दिली असतील तर दोन्ही लावा.

मग दुसरा ड्राइव्ह. कुणाकडून मागून आणा. एकाच डिस्ककडे दोन ड्राइव्ह वेगळ्या नजरेने बघतात, आणि घरी लिहिलेल्या डीव्हीडीच्या बाबतीत हे फारच खरं आहे. जुन्या डेस्कटॉपमधला जाडजूड ड्राइव्ह अनेकदा नव्या पातळ ड्राइव्हपेक्षा चिवट निघतो. 'प्लेअरवर तर चालते, मग कॉम्प्युटरवर का नाही' असं सगळे विचारतात. प्लेअर खराब जागा गाळून पुढे जातो, तुम्हाला फार तर एक झटका दिसतो. कॉपी करताना कॉम्प्युटरला प्रत्येक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा डेटाचा प्रत्येक छोटा तुकडा, हवा असतो. एक मिळाला नाही की तो पूर्ण फाइल नाकारतो.

वेग कमी करून बघा. इमगबर्न या विंडोजवरच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची आयएसओ प्रतिमा, म्हणजे पूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली हुबेहूब नक्कल, घेताना वाचनाचा वेग निवडता येतो. सगळ्यात कमी ठेवा. डीव्हीडीच्या एकपट वेगाने पूर्ण डिस्क वाचायला तासभर लागतो, लागू द्या. कोणतंही फुकट सॉफ्टवेअर बसवताना प्रत्येक पानावरच्या आधीच टिक केलेल्या चौकटी वाचा, सोबतचं नको ते काढून टाका.

डिस्क कॉम्प्युटरला पूर्ण कोरी दिसते, पण मागच्या बाजूला लिहिलेल्या भागाचा गडद पट्टा स्पष्ट दिसतो? मग ती फायनलाइज झालेली नाही, म्हणजे लिहून झाल्यावर डिस्क बंद करायची शेवटची पायरी राहिली आहे. आठ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्कवर शूट करणारे हँडीकॅम होते, त्यांच्या डिस्क नेहमी अशा सापडतात. तो हँडीकॅम अजून चालत असेल तर त्याच्याच मेनूतून फायनलाइज करा. आणि छोटी डिस्क फटीत ढकलायच्या ड्राइव्हमध्ये घालू नका, आत अडकते. ट्रे बाहेर येणारा ड्राइव्हच वापरा.

आता सॉफ्टवेअर

इथपर्यंत आलात, म्हणजे पूर्ण फोल्डर किंवा आयएसओ हार्डडिस्कवर आहे आणि व्हीएलसीमध्ये तो शेवटपर्यंत नीट चालतो. नसेल चालत तर पुढे जाऊ नका.

तपासायला मीडियाइन्फो. छोटं आणि फुकट. व्हीओबी त्यात टाकली की फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं), चित्राचा आकार, इंटरलेस आहे की नाही, आवाज कुठल्या प्रकारचा हे सगळं दिसतं. आपल्याकडच्या डिस्क पाल पद्धतीच्या: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. ७२० बाय ४८० आणि २९.९७ दिसलं तर ती अमेरिकेतल्या आत्यासाठी वेगळी काढून दिलेली प्रत असण्याची शक्यता मोठी. तिकडे एनटीएससी चालायचं, म्हणून स्टुडिओ अशी रूपांतरित प्रत देत. तिच्यात हालचाल आधीच थोडी अडखळते. घरात पालची प्रत सापडत असेल तर कामाला तीच घ्या.

कन्व्हर्ट करायला माझी निवड हँडब्रेक. फुकट, मुक्तस्रोत, २००३ पासून चालू, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर. ते हँडब्रेक डॉट एफआर या त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. मे २०१७ मध्ये त्यांच्या एका डाउनलोड सर्व्हरवर घुसखोरी होऊन मॅकच्या प्रतीत काही दिवस ट्रोजन घातलेला होता. खऱ्या प्रकल्पाच्या बाबतीत हे होऊ शकतं, तर नावात एक अक्षर बदलून बनवलेल्या साइटींबद्दल काय बोलावं. विंडोजवर ते मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट रनटाइम मागेल, ते बसवायला हरकत नाही.

हँडब्रेकला कापाकापी येत नाही. फोटोग्राफरची पाच मिनिटांची जाहिरात उडवायची असेल तर लॉसलेसकट घ्या, ते पुन्हा कन्व्हर्ट न करता कापतं. नकाशा बिघडलेल्या डिस्कवर हँडब्रेकला काहीच सापडत नसेल तर मेकएमकेव्ही वापरून बघा. ते चित्र न बदलता एमकेव्ही फाइल काढून देतं आणि ती पुढे हँडब्रेकला देता येते.

पैशाच्या सॉफ्टवेअरबद्दल एकच गोष्ट. ट्रायलमध्ये काही मिनिटंच कन्व्हर्ट करून देणारी, चित्रावर मधोमध स्वतःचं नाव छापणारी आणि 'तुमची डिस्क प्रोटेक्टेड आहे, पूर्ण आवृत्ती घ्या' म्हणणारी बरीच आहेत. बाजारात मिळणाऱ्या साध्या कोऱ्या डीव्हीडीवर चित्रपटांचं ते सीएसएस कुलूप लिहिताच येत नाही, त्यासाठीची जागा कारखान्यातच बंद केलेली असते. लग्नाच्या डिस्कला कुलूप आहे असं एखादं सॉफ्टवेअर म्हणत असेल तर एकतर डिस्क नीट वाचली जात नाही, नाहीतर ते थाप मारतंय.

हँडब्रेकमधले खटके

सोर्स म्हणून पूर्ण फोल्डर द्या. टायटलच्या यादीतून सगळ्यात लांब निवडा. बाकीचे मेनू आणि जाहिराती असतात. काही स्टुडिओ साखरपुडा, हळद, लग्न, रिसेप्शन वेगवेगळ्या टायटलमध्ये ठेवतात, तेव्हा यादी पूर्ण वाचा. 'फास्ट ५७६पी२५' हा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंगचा संच, घ्या आणि पुढचं बदला.

फ्रेमरेट. हळूहळू सरकणाऱ्या आवाजाचं मूळ बहुधा इथे असतं. अनेक कन्व्हर्टरांच्या तयार प्रीसेटमध्ये ३० असतं. २५ चे ३० करताना वेळेचा हिशेब नीट न ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज सरकतो, आणि ठेवणाऱ्यात चित्र अडखळतं. शिवाय व्हेरिएबल, म्हणजे मध्ये मध्ये बदलणाऱ्या, फ्रेमरेटची फाइल काही टीव्ही आणि एडिटिंगची सॉफ्टवेअरं नीट हाताळत नाहीत. म्हणून कॉन्स्टंट, म्हणजे स्थिर, निवडा. आकडा २५ की ५०, ते पुढच्या गोष्टीवर ठरतं.

इंटरलेस. टेपवरच्या कॅमेऱ्यात एक फ्रेम म्हणजे दोन अर्धी चित्रं, एकात विषम रेघा, दुसऱ्यात सम, आणि दोघांमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. जुना टीव्ही ती एकामागून एक दाखवायचा. आजचा पडदा एकत्र दाखवतो, मग हलत्या हाताच्या दोन जागा एकाच वेळी दिसतात आणि त्या रेघा येतात. फिल्टर्समध्ये डीइंटरलेस चालू करा. बीडब्ल्यूडीआयएफ आणि त्याचा बॉब प्रीसेट निवडून फ्रेमरेट ५० कॉन्स्टंट ठेवला तर दोन्ही अर्धी चित्रं वापरली जातात आणि वरातीतलं नाचणं खरंच प्रवाही दिसतं. माझा कल याकडेच. फाइल थोडी मोठी होते. जुन्या मोबाइलसाठी हवी असेल तर साधा डिफॉल्ट आणि २५. डीइंटरलेस केल्यावरही हालचाल पुढे-मागे थरथरली तर डिस्क बनवताना फील्डचा क्रम उलटा नोंदवला गेलाय. मिनीडीव्ही टेपवर खालचं फील्ड आधी असतं, आणि मिक्सिंगमध्ये ते विसरलं जायचं.

चेहरे. ७२० बाय ५७६ हा आकडा तसाच दाखवायचा नसतो. जुन्या ४:३ च्या व्हिडिओत तो ७६८ बाय ५७६ एवढा, आणि १६:९ मध्ये १०२४ बाय ५७६ एवढा पसरून दाखवायचा असतो. डायमेन्शन्समध्ये अ‍ॅनामॉर्फिक 'ऑटोमॅटिक' ठेवलं की हे आपोआप होतं. तरीही माणसं आडवी फुगली तर टीव्हीच्या रिमोटवरचं चित्राचं प्रमाण तपासा, कुणीतरी ते 'फुल' करून ठेवलेलं असतं.

व्हिडिओमध्ये एन्कोडर एच.२६४, म्हणजे एक्स२६४. एच.२६५ ने फाइल लहान होते खरी, पण जुने टीव्ही ती दाखवत नाहीत आणि विंडोजवरही वेगळं एक्स्टेन्शन लागतं. 'नुसता आवाज येतो' ही तक्रार बहुतेक त्यातूनच येते. एवढ्या छोट्या चित्रासाठी त्या भानगडीत पडायची गरज नाही. दर्जाचा आरएफ १८ ते २२ मध्ये ठेवा, मी २० घेतो. आकडा जितका लहान तितकी फाइल मोठी. डीनॉइज फिल्टरचा मोह टाळा. टेपची खरखर जाते, तिच्याबरोबर पैठणीच्या काठाची जरही जाते आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांना मेण चोपडल्यासारखं दिसतं.

आवाज एएसी करा, बिटरेट १६० पुरे. मूळचा एसी३ तसाच ठेवला तर काही मोबाइलवर फाइल मुकी होते.

पूर्ण फाइल करायच्या आधी रेंजमध्ये सेकंद निवडून पाच मिनिटांचा तुकडा करा, तोही ताशाच्या आसपासचा. टीव्हीवर लावून बघा. बरा वाटला तरच रात्री पूर्ण काम लावून झोपा.

पेनड्राइव्हवर टाकताना फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असेल आणि पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर 'जागा नाही' किंवा 'फाइल मोठी आहे' असं येईल, जागा असली तरी. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आणि टीव्ही ते वाचतो का ते आधी तपासा. वरच्या सेटिंगने केलेली दोन तासांची फाइल सहसा ४ जीबीच्या आतच राहते.

अवघड उपाय, संयम असेल तर

हँडब्रेकला फोल्डरमध्ये काहीच सापडत नाही, पण व्हीओबी एकेकट्या चालतात, तेव्हा नकाशा बिघडलेला असतो. हार्डडिस्कवरच्या कॉपीत बिघडलेली आयएफओ बाजूला ठेवा, त्याच नावाच्या बीयूपीची एक प्रत करा आणि तिचं शेवटचं नाव बदलून आयएफओ करा. राखीव प्रत यासाठीच दिलेली असते.

खराब सेक्टर असतील तर लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू. ते आधी सगळा चांगला भाग पटकन उतरवतं, मग खराब जागांवर परत येऊन पुन्हा प्रयत्न करतं, आणि काय मिळालं, काय राहिलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. त्या नोंदीमुळे काम मध्येच थांबवून तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पुढे चालू ठेवता येतं. पहिल्याला न दिसलेल्या जागा दुसरा भरतो. पण ते कमांड लिहून चालवायचं असतं आणि कुठे लिहायचं ते चुकीचं दिलं तर हार्डडिस्क पुसली जाऊ शकते. सवय नसेल तर सवय असलेल्या माणसाला शेजारी बसवा.

इथे थांबा

डिस्कला मधल्या भोकापासून तडा गेला असेल तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका, एकदाही नाही. पूर्ण वेगात ती आतच फुटू शकते आणि डिस्क, ड्राइव्ह दोन्ही जातात. चंदेरी थर सुटायला लागलेली सीडी, दोन-तीन वेगळ्या ड्राइव्हना अजिबात न दिसणारी डिस्क आणि हँडीकॅम हरवलेली फायनलाइज न झालेली डिस्क हीसुद्धा घरची कामं नाहीत. डीडीरेस्क्यूच्या दुसऱ्या फेरीत काहीच नवीन मिळत नसेल तरीही थांबा. डिस्क तासन् तास फिरवत ठेवून फायदा नाही.

पैसे मोजण्याआधी दोन फोन करा. पहिला नातेवाइकांना: त्या वेळी स्टुडिओने तीन-चार प्रती दिलेल्या असायच्या, मामाकडची प्रत कदाचित प्लॅस्टिकमधून काढलेलीही नसेल. दुसरा त्या फोटोग्राफरला: मूळ मिनीडीव्ही टेप त्याच्याकडे असेल तर ती डिस्कपेक्षा कितीतरी सरस. ती फायरवायरने उतरवावी लागते आणि तासाला १३ जीबी जागा खाते, पण मिक्सिंगची हृदयं चढण्याआधीचं लग्न त्यात असतं. व्हीएचएस कॅसेट मिळाली आणि आत पांढरी बुरशी दिसली, कोकणात आणि गोव्यात ती हमखास दिसते, तर आपल्या व्हीसीआरमध्ये घालून बघू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवरही जाते. ती थेट टेप साफ करणाऱ्याकडे द्या.

डेटा रिकव्हरीवाल्याकडे किंवा डिजिटायझेशन करणाऱ्याकडे गेलात तर हे आधीच बोलून घ्या: डिस्क पॉलिश करण्यापूर्वी ते तुम्हाला विचारतील. काहीच मिळालं नाही तर तपासणीचे किती पैसे, ते आधी लिहून देतील. तुम्हाला आयएसओ किंवा मूळ एमपीईजी-२ फाइल हवी आहे, त्यांनी दाबून लहान केलेली एमपी४ नको, आणि 'एचडी'त वाढवलेली तर मुळीच नको. मूळ फाइल हातात आली की कन्व्हर्ट घरीच करता येतं. मूळ डिस्क, कितीही खराब असली तरी, परत मागून घ्या.